जिल्हाभर माहिती, एका आकड्यासाठी

जयपूर शहराच्या उत्तर भागात विद्याधर नगर ही वसाहत आहे. सवाई जयसिंहाने १७२७ साली जयपूर वसविले, तेव्हा त्या नगराच्या आखणीत ज्यांचा मोठा वाटा होता त्या विद्याधर भट्टाचार्य यांचे नाव या वसाहतीस देण्यात आले आहे. वसाहतीचा आराखडा विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात विख्यात वास्तुशिल्पकार बाळकृष्ण दोशी यांनी तयार केला. दोशींचा जन्म पुण्याचा, आणि तोही १९२७ सालचा. म्हणजे जयपूरच्या स्थापनेनंतर बरोबर दोनशे वर्षांनी. ही वसाहत सेक्टरांत विभागलेली आहे. सेक्टरचा क्रमांक आणि घराचा क्रमांक एवढे ठाऊक असले की नवख्या माणसासही घर सापडते. गल्लोगल्ली हिंडून प्रत्येक दारावरची पाटी वाचीत जाण्याची त्यास गरज पडत नाही.

या साध्या सोयीपासून आपल्या विषयास आरंभ करता येईल. संगणकाच्या जाळ्यावरील संकेतस्थळे ऐन गरजेच्या वेळी मंद का होतात, हा तो विषय होय. परीक्षेचा निकाल लागला, रेल्वेचे आरक्षण खुले झाले किंवा एखाद्या अर्जाची मुदत संपत आली की पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते, हा अनुभव शहरात काय आणि खेड्यात काय, सर्वांनाच आहे. लोक म्हणतात, "सर्व्हर डाऊन आहे." सर्व्हर म्हणजे सेवा देणारा दूरचा संगणक. तो बंद पडला असे आपण समजतो; परंतु पुष्कळदा तो बंद नसतो, तर कामाखाली दबलेला असतो. आणि त्या कामातील बराचसा भाग असा असतो की तो कोणाच्याच उपयोगी पडत नाही. विचारणाऱ्याने हवे होते त्याच्या शेकडो पट मागितलेले असते, सर्व्हरने ते निमूटपणे दिलेले असते, आणि घेणाऱ्याने त्यातला एक आकडा वाचून बाकीचे टाकून दिलेले असते.

तंत्रज्ञांच्या इंग्रजी परिभाषेत या प्रकारास एक सुटसुटीत शब्द आहे. त्यास 'अतिआहरण' असा प्रतिशब्द घडविण्याचा मोह भाषांतरकारास होतोच. परंतु असा शब्द वाचकाच्या घशाखाली उतरण्यापूर्वी कोशात जाऊन बसतो, असा अनुभव आहे. यास्तव या लेखात "गरजेपेक्षा अधिक माहिती आणणे" असे साधे मराठीच वापरले आहे.

पिनकोड: एक नेमका प्रश्न

विद्याधर नगरच्या पत्त्याखाली ३०२०३९ हे सहा अंक लिहितात. ही पिनकोडची पद्धत भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे होत. वेलणकर हे टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि त्याचबरोबर संस्कृत कवी व नाटककार. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिपींत लिहिलेले पत्ते आणि अर्धवट माहिती यांमुळे पत्रे भरकटत. त्यावर त्यांनी काढलेला उपाय हा गणिती दृष्टीने फार देखणा आहे. पहिला अंक ३ म्हणताच देशातील इतर सर्व विभाग बाजूस पडतात आणि राजस्थान व गुजरात यांचाच विभाग उरतो. ३० म्हणताच आपण राजस्थानात येतो. ३०२ म्हणताच जयपूरच्या टपाल जिल्ह्यात. उरलेले तीन अंक वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयापर्यंत नेऊन पोचवितात. प्रत्येक अंकाबरोबर शोधाचे क्षेत्र आकुंचन पावते, आणि जे नको आहे ते न पाहताच वगळले जाते.

संगणकातील माहितीच्या कोठारास, म्हणजे डेटाबेसास, अशाच सूचीची गरज असते. समजा, एका कोष्टकात १ लाख ओळी आहेत. सूची नसेल तर एक ओळ शोधण्यासाठी वाईटात वाईट प्रसंगी १ लाख ओळी वाचाव्या लागतील. तीच कोष्टके क्रमवार लावून, मध्यावर पाहून, अर्धा भाग वगळून, पुन्हा मध्यावर पाहून शोध केला तर अवघ्या १७ पायऱ्यांत ती ओळ सापडते. कारण २ चा १७ वा घात १ लाख ३१ हजार ७२ होतो. ग्रंथालयातील तालिकापत्रांचा खण ज्याने उघडून पाहिला आहे त्यास हे निराळे समजावून सांगावयास नको.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात ठेवावी. उत्तर लहान असले म्हणजे श्रमही लहान, असे नव्हे. सूची नसलेल्या कोष्टकास अगदी नेमका प्रश्न विचारला तरी सर्व्हरला आतल्या आत सर्व ओळी चाळाव्या लागतात आणि शेवटी तो एकच ओळ बाहेर पाठवितो. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते, केवढे आटोपशीर उत्तर! परंतु गरजेपेक्षा अधिक माहिती येथेही आणलेली असते. ती तारेवरून न येता सर्व्हरच्या पोटातच चकतीवरून स्मृतीत आली, एवढाच फरक.

एप्रिल आणि मे २०२१

आता या गोष्टी प्रत्यक्षात कशा घडल्या ते पाहू. कोविड-१९ च्या साथीवरील लसीकरण भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. त्याची नोंदणी 'कोविन' या सरकारी संकेतस्थळावर होत असे. १८ ते ४४ वयाच्या नागरिकांसाठी नोंदणी २८ एप्रिल रोजी सायंकाळी ४ वाजता खुली झाली. साथीची दुसरी लाट तेव्हा शिगेला पोचली होती. रुग्णालयांत खाटा नव्हत्या, प्राणवायू मिळत नव्हता. त्या सायंकाळी पहिल्या तीन तासांत सुमारे ८० लाख लोकांनी नोंदणी केली. या अवधीत कोविनकडे आलेल्या यांत्रिक विचारणांची संख्या शासनाने ३८ कोटी ३० लाख अशी दिली होती. आरंभी तर दर मिनिटास २७ लाख विचारणा येत होत्या. म्हणजे एका पूर्ण झालेल्या नोंदणीमागे सरासरीने सुमारे ४८ विचारणा पडल्या. या सर्व अनावश्यक होत्या असे कोणी म्हणणार नाही. एका नोंदणीस काही पायऱ्या लागतातच, आणि अनेकांचे प्रयत्न अपुरेही राहिले असतील. तथापि माणसे किती आणि प्रश्न किती यांतील अंतर या आकड्यांवरून स्पष्ट होते.

नोंदणी झाली तरी लस मिळण्याचा दिवस निराळा ठरवावा लागे. कोणत्या केंद्रावर कोणत्या दिवशी किती जागा शिल्लक आहेत हे कोविनवर दोन तऱ्हांनी पाहता येत असे: पिनकोड देऊन किंवा जिल्हा निवडून. जागा थोड्या आणि मागणारे अगणित, त्यामुळे मोकळी झालेली जागा काही सेकंदांत भरून जाई. तेव्हा देशातील अनेक तरुण संगणकतज्ज्ञांनी एक युक्ती योजिली. इतर कार्यक्रमांनाही माहिती विचारता यावी यासाठी कोविनने एक द्वार उघडे ठेवले होते. तंत्रज्ञ अशा द्वारास एपीआय म्हणतात. त्या द्वाराशी दर काही सेकंदांनी आपोआप प्रश्न विचारणारे लहान लहान कार्यक्रम त्यांनी लिहिले. जागा दिसताच टेलिग्रामवर किंवा मोबाइलवर घंटी वाजे. मुंबई-पुण्यापासून जयपूरपर्यंत सर्वत्र हे चालू होते, आणि त्यामागील हेतू बहुधा परोपकाराचाच होता.

समजा, विद्याधर नगरातील एका रहिवाशास जाणून घ्यावयाचे आहे: माझ्या भागात ३० वर्षांच्या माणसासाठी एखादी जागा आहे काय? प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात मावते. शून्य, किंवा शून्याहून अधिक. पिनकोड देऊन विचारले तर मोजकी केंद्रे पुढे येतात. परंतु आपल्या भागात जागा नसेल तर? या धास्तीने बहुतेक कार्यक्रम जिल्ह्याचीच विचारणा करीत. जयपूरचे कोविनवर 'जयपूर १' आणि 'जयपूर २' असे दोन भाग होते; पुणे जिल्हा मात्र सबंध एकच होता. जिल्हा विचारला की त्यातील झाडून सर्व केंद्रांची सात दिवसांची माहिती हाती पडे. प्रत्येक केंद्राचे नाव, पत्ता, राज्य, जिल्हा, तालुका, पिनकोड, अक्षांश, रेखांश, उघडण्याची वेळ, बंद होण्याची वेळ, लस मोफत की सशुल्क. मग प्रत्येक दिवसाची तारीख, लसीचे नाव, वयोमर्यादा, सत्रांच्या वेळा, सत्राचा लांबलचक सांकेतिक क्रमांक, आणि या साऱ्या गर्दीत कोठेतरी शिल्लक जागांचा तो आकडा.

थोडे गणित करू. एका केंद्राची ही सर्व माहिती लिहावयास १,००० अक्षरे लागतात आणि जिल्ह्यात अशी ३०० केंद्रे आहेत असे धरू. उत्तर ३ लाख अक्षरांचे झाले. त्यांत आपल्या कामाची अक्षरे फार तर २०. म्हणजे दर १५,००० अक्षरांत १ उपयोगाचे. आता असा कार्यक्रम दर ३ सेकंदांनी विचारणा करीत राहिला, तर तो सेकंदास १ लाख अक्षरे खेचतो, तासास ३६ कोटी. असे १० हजार कार्यक्रम एकाच वेळी चालले की सर्व्हरला सेकंदास १०० कोटी अक्षरे ओतावी लागतात, आणि त्या ओघाचा जवळजवळ सर्व भाग वाया जातो. हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी कल्पिलेले आहेत. परंतु प्रमाण कोणत्या जातीचे असते ते त्यांवरून कळावे.

त्या उत्तराची रचनाही पाहण्याजोगी असते. असे कार्यक्रम ज्या पद्धतीने माहिती लिहितात तीत प्रत्येक नोंदीबरोबर रकान्याचे नावही पुन्हा पुन्हा लिहिले जाते. तीनशे केंद्रे असली तर "राज्याचे नाव" हे शब्द तीनशे वेळा, आणि त्यापुढे "राजस्थान" तीनशे वेळा. ज्याने जिल्हा स्वतःच निवडला आहे त्यास राज्य कोणते हे एकदा सांगण्याचीही गरज नव्हती! अशी पुनरुक्ती दाबून लहान करण्याच्या रीती आहेत आणि त्या सर्रास वापरल्याही जातात. त्यांमुळे तारेवरील भार पुष्कळ हलका होतो. परंतु कोठारातून माहिती काढणे, ती जुळविणे, दाबणे आणि दुसऱ्या टोकास पुन्हा उलगडणे हे श्रम त्यायोगे टळत नाहीत; दाबण्याच्या श्रमाची उलट भरच पडते.

आपल्या भाषेपुरती आणखी एक बाब. संगणकांत सर्वत्र रूढ असलेल्या लेखनसंकेतात रोमन अक्षरास एक बाइट जागा लागते, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. काना, वेलांटी आणि हलन्त ही चिन्हेही स्वतंत्र मोजली जातात. रोमन लिपीत विद्याधर नगर हे नाव १५ बाइटांत मावते. देवनागरीत त्यास ३४ बाइट लागतात. जून २०२१ पासून कोविन मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले, ही स्वागतार्हच गोष्ट होती. ज्यास इंग्रजी येत नाही त्यास लसही मिळू नये, असे कोण म्हणेल? परंतु ज्या भाषांना अक्षरामागे अधिक जागा लागते त्यांच्या वाचकांना अनावश्यक मजकुराचा भुर्दंडही अधिक बसतो, आणि बहुधा याच वाचकांकडे स्वस्त मोबाइल आणि क्षीण जोडणी असते.

रांगेचे गणित

"एकाने थोडे अधिक मागितले तर बिघडले कोठे?" असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. बिघडते ते असे. सर्व्हरपाशी येणारे प्रश्न रांगेत उभे राहतात. रांगेच्या गणिताचा पाया कोपनहेगन येथील एका दूरध्वनी कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली घातला. त्यातून निघालेला एक निष्कर्ष सामान्य बुद्धीस चकविणारा आहे. काही सोपी गृहीते मानली, तर एका प्रश्नास लागणारा एकूण वेळ हा सेवेच्या वेळास सर्व्हरच्या मोकळेपणाने भागून मिळतो. एका प्रश्नाचे काम १० सहस्रांश सेकंदांचे आहे असे धरा. सर्व्हर निम्मा व्यग्र असेल तर उत्तरास २० सहस्रांश लागतील. तो शंभरांत नव्वद भाग व्यग्र असेल तर १०० सहस्रांश. आणि नव्व्याण्णव भाग व्यग्र असेल तर पूर्ण १ सेकंद! नव्वदावरून नव्व्याण्णवावर जाताना काम वाढले ते केवळ दहा टक्क्यांनी. वाट पाहणे मात्र दहा पटींनी वाढले.

याचीच दुसरी बाजू आशादायक आहे. शंभरांत नव्वद भाग व्यग्र असलेल्या या सर्व्हरला प्रत्येक प्रश्नात निम्मीच माहिती काढावी लागली आणि त्यामुळे सेवेचा वेळ ५ सहस्रांशांवर आला, तर तो शंभरांत पंचेचाळीस भागच व्यग्र राहील, आणि उत्तर सुमारे ९ सहस्रांश सेकंदांत मिळेल. पूर्वी लागत होते १००. काम निम्मे केले आणि विलंब अकराव्या हिश्शावर आला. नवे यंत्र घेतले नाही, तार वाढविली नाही. अधिक माहिती मागविण्याची किंमत मागणारा एकटा भरीत नाही. रांगेतील प्रत्येक जण ती भरतो, आणि ज्याने पिनकोड देऊन नेमकेच विचारले होते तोही त्यातून सुटत नाही.

उत्तर येण्यास वेळ लागला की माणूस काय करतो? पुन्हा कळ दाबतो. यंत्रेही तेच करतात. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिच्यापासून अवघ्या चारशे यार्डांवरील बर्कली येथील विद्यापीठ यांच्यामधील जोडणी अशीच कोसळली होती. एरवी सेकंदास ३२,००० बिट वाहून नेणारी ती वाट ४० बिटांवर आली. पोच मिळाली नाही म्हणून प्रत्येक संगणक तेच तेच पुन्हा पाठवीत होता, आणि त्या पुनरावृत्तीनेच वाट बुजत होती. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर शोधलेले उपाय आज इंटरनेटच्या मुळाशी आहेत: कोंडी जाणवताच पाठविणाऱ्याने स्वतःहून हात आखडता घ्यावयाचा, आणि वाट मोकळी होत जाईल तसतसा वेग हळूहळू वाढवावयाचा.

कोविनने मे २०२१ मध्ये दोन निर्बंध घातले. त्या उघड्या द्वारातून मिळणारी जागांची माहिती ताजी न देता तयार ठेवलेल्या प्रतीवरून द्यावयाची. ती ३० मिनिटांपर्यंत जुनी असू शकेल. आणि एका जाळेपत्त्यावरून ५ मिनिटांत १०० पेक्षा अधिक विचारणा स्वीकारावयाच्या नाहीत. सर्व्हरचा जीव वाचविण्यास हे उपाय योग्यच होते. परंतु सेकंदांत नाहीशा होणाऱ्या जागेविषयी अर्ध्या तासापूर्वीची बातमी काय कामाची? शिवाय मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यात पुष्कळ ग्राहक एकाच बाह्य पत्त्याआड असतात. तेव्हा पत्त्यावर घातलेल्या मर्यादेत निरपराधही सापडण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखकास असे वाटते की विचारणांची संख्या बांधण्यापूर्वी उत्तराचा आकार बांधावयास हवा होता. "या पिनकोडात या वयासाठी जागा आहे काय?" या प्रश्नाचे होय-नाही एवढेच उत्तर एकदा काढून काही सेकंदांपुरते सर्वांसाठी तयार ठेवता येते. ते इतके लहान असते की लाखो लोकांनी विचारले तरी कोठाराचे दार पुन्हा उघडावे लागत नाही. ताजेपणा आणि काटकसर यांचे वैर आहे खरे, परंतु उत्तर जितके लहान तितके ते वैर सौम्य होते.

जिल्हाभर विचारण्याचा एक परिणाम संगणकाबाहेरही झाला. पुणे जिल्ह्यात शहरातील तरुण दूरच्या ग्रामीण केंद्रांवर जागा मिळवून मोटारींनी तेथे पोचू लागले, आणि ज्या गावात केंद्र होते तेथील लोकांना लस मिळेना. गावकऱ्यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. हे सर्व संगणकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मूळ दुखणे लसीच्या तुटवड्याचे होते. महाराष्ट्र शासनास तर मे महिन्याच्या मध्यास १८ ते ४४ गटाचे लसीकरण काही काळ स्थगित ठेवावे लागले. कितीही कुशल कार्यक्रम लिहिला तरी त्यातून लसीची एक कुपी निर्माण होत नाही. परंतु जे थोडे आहे ते कोणास मिळावे, हे ज्याचा प्रश्न अधिक रुंद आणि अधिक वेगवान आहे त्यावर ठरू लागले, हे मात्र खरे. २४ मे पासून सरकारी केंद्रांवर जागच्या जागी नोंदणीची सोय या वयोगटासही देण्यात आली. सर्वोच्च न्यायालयानेही ३१ मे च्या आपल्या आदेशात डिजिटल साधने नसलेल्यांच्या अडचणीकडे लक्ष वेधले. पुढे लसीचा पुरवठा वाढला, आणि १७ जुलै २०२२ रोजी देशात दिलेल्या मात्रांची संख्या २०० कोटींवर गेली. त्या सर्वांची नोंद याच कोविनने सांभाळली.

फार थोडे आणण्याचा दोष

येथवर वाचून कोणी असा ग्रह करून घेईल की प्रत्येक वेळी जितके कमी मागावे तितके चांगले. तसेही नाही. वाण्याकडे एकदा मीठ, एकदा हळद आणि एकदा जिरे अशा तीन फेऱ्या मारणारा मनुष्य दर खेपेस थोडेच आणतो, पण दिवस घालवितो. संगणकाचे कार्यक्रम हा अविचार फार वेळा करतात. प्रथम ५० केंद्रांची यादी मागवावयाची, आणि मग प्रत्येक केंद्राचा तपशील निराळा विचारावयाचा: एकूण ५१ फेऱ्या. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लाख किलोमीटर जातो. जयपूरहून मुंबईतील सर्व्हरपर्यंतचा मार्ग १,००० किलोमीटर धरला तर केवळ जाण्यायेण्यास १० सहस्रांश सेकंद लागतात. हा वेळ कोणत्याही यंत्राने कमी होणारा नाही. मोबाइलच्या मनोऱ्यापाशी आणि वाटेतील नाक्यांवर लागणारा वेळ मिळवून एका फेरीस ५० सहस्रांश धरू. ५१ फेऱ्या एकामागून एक झाल्या की अडीच सेकंदांहून अधिक वेळ गेला, आणि तोही सर्व्हर अगदी मोकळा असताना.

कार्यक्रम लिहिणाऱ्याचा यात सर्वस्वी दोष असतो असे नाही. त्याच्या मेजावरील संगणकात चाचणीपुरती दहा ओळींची कोष्टके असतात आणि सर्व्हर त्याच खोलीत असतो. तेथे सर्व काही क्षणार्धात होते. दहा ओळींच्या जागी दहा लाख ओळी आणि खोलीच्या जागी अर्धा देश आला म्हणजे तोच कार्यक्रम पांगळा होतो.

नेमके मागण्याची सोय तशी जुनी आहे. एडगर कॉड यांनी १९७० साली माहितीची कोठारे साध्या कोष्टकांच्या रूपात रचण्याची कल्पना मांडली, आणि तिच्या आधारे १९७४ पासून अशी प्रश्नभाषा आकारास आली की तीत कोणते रकाने हवेत आणि कोणत्या ओळी हव्यात हे सांगता येते. कशा शोधावयाच्या ते यंत्र पाहते. त्या भाषेत रकान्यांची नावे लिहिण्याऐवजी एक तारका काढली की "सर्व रकाने द्या" असा अर्थ होतो. आळसाने काढलेल्या या एका तारकेने जगातील सर्व्हरांना किती काम दिले असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पुढे मोबाइल आले आणि हीच अडचण दुसऱ्या रूपात उभी राहिली. फेसबुक कंपनीतील तंत्रज्ञांना २०१२ साली असे आढळले की मोबाइलवरचे एक पान भरण्यास एकतर फार माहिती येते किंवा फार फेऱ्या होतात. तेव्हा त्यांनी ग्राफक्यूएल ही पद्धत तयार केली आणि २०१५ साली ती सर्वांस खुली केली. तीत हव्या असलेल्या उत्तराचा आकार विचारणाराच लिहून देतो, आणि सर्व्हर तेवढेच भरून एका फेरीत परत करतो. तिचेही उपद्रव आहेत. ज्यास आकार ठरविण्याची मुभा दिली तो भलामोठा आकारही ठरवू शकतो, आणि मग सर्व्हरला प्रश्नाची खोली मोजून नकार द्यावा लागतो.

वेलणकरांच्या पद्धतीस अर्धशतक उलटून गेल्यावर टपाल खात्याने २०२५ साली 'डिजिपिन' नावाची नवी पत्तापद्धती प्रसिद्ध केली. तीत भारताच्या नकाशाभोवती ३६ अंश रुंद आणि ३६ अंश उंच असा चौकोन कल्पिला आहे. त्याचे १६ भाग करावयाचे, प्रत्येकास एक चिन्ह द्यावयाचे, त्या भागाचे पुन्हा १६, आणि असे दहा वेळा. दहा चिन्हांनी सुमारे ४ मीटर लांबीरुंदीचा तुकडा निश्चित होतो. म्हणजे विद्याधर नगरातील एखाद्या घराचे अंगण. पहिली सहाच चिन्हे दिली तर सुमारे एक किलोमीटर बाजूचा चौकोन मिळतो, आणि पाच दिली तर सुमारे चार किलोमीटरचा. जवळची केंद्रे शोधणाऱ्या कार्यक्रमाने आधी सहा चिन्हांचा चौकोन विचारावा, तेथे काही नसेल तर एक चिन्ह गाळून पाच चिन्हांचा, आणि तरीही काही न मिळाल्यास चारांचा.